फाइल पहिल्याच गावात का संपली? (कंट्रोल-झेड, सीपी/एम आणि डॉसच्या जन्माची भानगड)

उसाचा_हिशेब (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ११:२०

गेल्या आठवड्यात एका सहकारी संस्थेचा जुना डेटा नव्या प्रणालीत चढवायचं काम आलं. नव्वदच्या दशकातला सभासदांचा हिशेब. डॉसवरच्या (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा मूळ कारभार बघणारा प्रोग्रॅम) कुठल्याशा प्रोग्रॅमने गावागणिक काढलेल्या ६३ टेक्स्ट फायली, आणि नंतर कुणीतरी त्या एकापुढे एक जोडून एकच लांबलचक फाइल करून सीडीवर ठेवलेली. आकार सव्वा एमबी. विंडोजवर सीमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम खरडला, वाचायला लावला, तर २१२ ओळी वाचून गडी गप्प. एरर नाही, कुरकूर नाही. फाइल संपली म्हणे. पहिलं गाव आलं, उरलेली ६२ गावं गायब.

सीडी खराब असेल या समजुतीत दोन दिवस घालवले. मग हेक्स एडिटरमध्ये (फाइलचा एकेक बाइट आकड्यात दाखवणारं साधन) उघडली तर सगळं जागच्या जागी होतं. फक्त प्रत्येक गावाच्या शेवटी एक बाइट जास्तीचा, हेक्समध्ये १ए. दशमानात २६. म्हणजेच कंट्रोल-झेड.

जुन्या मंडळींनी इथेच कपाळावर हात मारला असेल. विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली की सीची लायब्ररी कंट्रोल-झेड दिसताच 'संपलं' असं मानते. ज्याने फायली जोडल्या त्याने 'कॉपी /बी' वापरलं असणार, म्हणजे बाइट जसेच्या तसे, मधल्या खुणांसकट. बायनरी मोडमध्ये उघडली आणि सगळी गावं परत आली.

पण डोक्यातून जाईना. फाइल किती मोठी आहे हे डिस्कवर लिहिलेलं असतंच, मग शेवट दाखवायला वेगळा बाइट कशाला? शोधत गेलो तो १९७४ सालच्या कॅलिफोर्नियात पोचलो.

माँटेरेला अमेरिकन नौदलाची एक पदव्युत्तर शाळा आहे. तिथे गॅरी किल्डॉल नावाचा माणूस संगणकशास्त्र शिकवायचा. फावल्या वेळात इंटेलकडे सल्लागार. इंटेलच्या मायक्रोप्रोसेसरसाठी त्याने १९७३ च्या सुमारास पीएल/एम नावाची भाषा तयार केली होती. घरी इंटेलचा संच होता, पण त्यावर काम करायचं तर कागदी टेप. प्रोग्रॅम लिहा, टेपवर भोकं पाडा, टेप वाचा, चुकलं की पुन्हा. म्हणून त्याने शुगार्ट कंपनीचा आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. तो संचाला जोडणारं सर्किट काही त्याला जमेना, ते जॉन टोरोड या मित्राने बनवून दिलं. त्या ड्राइव्हवर फायली ठेवायला किल्डॉलने जी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली ती सीपी/एम. इंटेलला पीएल/एम हवी होती, पण या नव्या प्रकरणात रस वाटला नाही. मग नवराबायकोने मिळून स्वतःचीच कंपनी काढली. नाव काय, तर इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे 'आंतरदीर्घिकीय' गळलं आणि नुसतं डिजिटल रिसर्च उरलं.

आता माझा बाइट. त्या आठ इंची फ्लॉपीवर ७७ ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर २६ सेक्टर, प्रत्येक सेक्टर १२८ बाइटचा. (यातल्या २६ चा कंट्रोल-झेडच्या २६ शी संबंध नाही, तो झेड सव्विसावं अक्षर म्हणून.) सगळी मिळून जेमतेम २५० केबी जागा, आणि यंत्रात मेमरी १६ केबी असली तरी चालायला हवं. अशा वेळी माणूस प्रत्येक ठिकाणी काटकसर करतो. किल्डॉलने फाइलची लांबी बाइटमध्ये लिहिलीच नाही. १२८ बाइटचे तुकडे किती, एवढंच नोंदवलं. प्रोग्रॅमच्या फायलीला ते पुरतं. टेक्स्टचं मात्र अडतं, कारण शेवटच्या तुकड्यात मजकूर कुठवर आणि कचरा कुठून हे कळायला हवं. म्हणून कंट्रोल-झेड. पोतं किती भरलंय ते वजन न करता आतच चिठ्ठी टाकून ठेवायची, त्यातला प्रकार.

आणि हा बाइट चोवीस-पंचवीस वर्षांनी आमच्याकडच्या उसाच्या हिशेबात.

किल्डॉलचं खरं डोकं मात्र यात नाही. १९७६ च्या आसपास इम्साय ही कंपनी आपल्या यंत्रांबरोबर फ्लॉपी विकत होती आणि गिऱ्हाइकांना ऑपरेटिंग सिस्टिमचा शब्द देऊन बसली होती. तोवर प्रत्येक नव्या फ्लॉपी कंट्रोलरसाठी किल्डॉलला सीपी/एममध्ये ठिकठिकाणी हात घालावा लागे. या वेळी त्याने यंत्राशी थेट बोलणारा सगळा भाग कापून एका बाजूला काढला आणि त्याला नाव दिलं बायॉस. होय, तोच शब्द. वर बीडॉस, म्हणजे फायलींचा कारभार बघणारा. त्याच्या वर तुम्ही टंकलेली आज्ञा वाचणारा सीसीपी. नवं यंत्र आलं की फक्त बायॉस नव्याने लिहायचा. इम्सायने २५,००० डॉलर मोजले. तिथून पुढे ८०८० किंवा झेड-८० हा मायक्रोप्रोसेसर असलेल्या कुठल्याही यंत्रावर सीपी/एम चालू लागली, आणि वर्डस्टार (मजकूर टंकायचा प्रोग्रॅम), डीबेस (नोंदी ठेवायचा) लिहिणाऱ्यांना एकच जमीन मिळाली.

इथल्या कुणी प्रत्यक्ष सीपी/एम वापरलीय का?

---

शंकासूर | रविवार, दुपारी १:०५

वाचनखूण साठवली.

पण किल्डॉल म्हणजे तोच ना, आयबीएमवाले सुटाबुटात दारात उभे आणि हा विमान उडवत बसला होता? मग ते वैतागून बिल गेट्सकडे गेले. आमच्या कॉलेजात सर ही गोष्ट दर वर्षी सांगायचे, 'संधी दार ठोठावते तेव्हा घरात असावं' म्हणून. उपस्थितीच्या तासाला हमखास.

---

जुना_फ्लॉपीवाला | रविवार, दुपारी ३:३२

वापरलीय म्हणजे काय, भाकरी खाल्लीय तिच्यावर. १९८५ ला पुण्यात एका छोट्या कंपनीत लागलो तेव्हा कोपऱ्यात झेड-८० चं यंत्र होतं, ६४ केबी मेमरी, शेजारी दोन फ्लॉपी ड्राइव्ह. सुरू केलं की 'ए>' एवढंच. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

फाइलची नक्कल करायची आज्ञा होती पिप. आणि ती उलटी! 'पिप बी:=ए:हिशेब.टीएक्सटी'. आधी कुठे न्यायचं ते, मग कुठून. नाव डेक कंपनीच्या जुन्या यंत्रांवरून उचललेलं. पहिल्या महिन्यात मी एकदा उलट दिशेने नक्कल करून दोन दिवसांचं काम कालच्या फायलीने झाकून टाकलं. साहेब काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याहून छळ फ्लॉपी बदलण्याचा. ड्राइव्हमधली फ्लॉपी काढून दुसरी घातली की कंट्रोल-सी दाबायचंच, म्हणजे यंत्र नव्या फ्लॉपीची ओळख करून घेई. विसरलात आणि लिहायला गेलात की 'बीडॉस एरर ऑन बी: आर/ओ'. अर्धा तास टंकलेलं पत्र मेमरीत, आणि फ्लॉपी म्हणतेय मी फक्त वाचायची. शिव्या किल्डॉलला घातल्या नाहीत, कारण त्याचं नावच तेव्हा माहीत नव्हतं. आता कळतं की ही खबरदारी होती. दुसऱ्या फ्लॉपीची यादी डोक्यात ठेवून या फ्लॉपीवर लिहिलं असतं तर दोन्हीकडचा सत्यानाश.

पुढे पीसी आले, डॉस आलं. 'ए>' तेच, डीआयआर तेच, आठ अधिक तीन अक्षरांची नावं तीच. फक्त पिप जाऊन कॉपी आलं, तेही सरळ. मला वाटलं सीपी/एमचीच पुढची आवृत्ती असेल.

---

उसाचा_हिशेब | रविवार, सायंकाळी ६:१०

@जुना_फ्लॉपीवाला काका, दंडवत. तुमचा वेगळा धागा यायला हवा.

@शंकासूर, सरांची गोष्ट ऐकायला बरी आहे पण पुरती नाही. १९८० च्या ऑगस्टमध्ये आयबीएमची माणसं आधी सिएटलजवळ मायक्रोसॉफ्टकडे गेली, कारण त्यांना बेसिक आणि इतर भाषा हव्या होत्या. सीपी/एमही तिथेच मिळेल असा त्यांचा समज असावा. मायक्रोसॉफ्ट तेव्हा अ‍ॅपल-२ मध्ये बसवायचं झेड-८० कार्ड सीपी/एमसकट विकत होती. गेट्सने सांगितलं, ती आमची नाही, किल्डॉलकडे जा. म्हणजे आयबीएमला डिजिटल रिसर्चचा रस्ता दाखवणारा गेट्सच.

त्या दिवशी सकाळी किल्डॉल खरंच विमानातून गेला होता, पण मौजेसाठी नाही, एका गिऱ्हाइकाकडे कामाला. आणि धंद्याच्या बोलण्या नेहमीच बायको डॉरोथी करायची, त्यामुळे त्यात अपमान करण्यासारखं काही नव्हतं. आयबीएमने आधी एक गुप्ततेचा करार पुढे केला. एकतर्फी. आम्ही सांगू ते गुप्त, तुम्ही सांगाल ते नाही. डॉरोथी आणि त्यांच्या वकिलांनी सही करायला वेळ लावला. दुपारी किल्डॉल आला. तो आयबीएमवाल्यांना भेटला की नाही यावर तिथे हजर असलेल्यांच्याच आठवणी आपसात जुळत नाहीत.

माझं म्हणणं असं की त्या सकाळीत काही ठरलंच नाही. निकाल लागला तो वर्षभराने दुकानाच्या फळीवर, दरपत्रकात. त्यावर लिहितो, आधी जेवून येतो.

---

बायनरीबाई | रविवार, रात्री ९:४५

जेवण होईपर्यंत मधला तुकडा मी भरते, कारण या गोष्टीतला सगळ्यात दुर्लक्षित माणूस टिम पॅटर्सन आहे.

सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाची छोटी कंपनी. पॅटर्सनने तिथे इंटेलच्या ८०८६ या नव्या मायक्रोप्रोसेसरचं कार्ड बनवलं, १९७९ च्या अखेरीस ते विक्रीला आलं. कार्ड आहे, पण त्यावर चालवायला ऑपरेटिंग सिस्टिम नाही. डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ (८०८६ साठीची सीपी/एम) आज येईल उद्या येईल करत लांबत होती. कार्ड पडून राहायला लागली. शेवटी एप्रिल १९८० मध्ये पॅटर्सन स्वतःच बसला. तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. त्याने नाव ठेवलं क्यूडॉस, 'क्विक अँड डर्टी ऑपरेटिंग सिस्टिम'. ऑगस्टमध्ये ती विकायलाही काढली, आणि पुढे तिला ८६-डॉस हे जरा बरं नाव मिळालं. चार महिने!

त्याचा हिशेब सरळ होता. ८०८० साठी लिहिलेला प्रोग्रॅम ८०८६ च्या भाषेत यंत्रवत कसा उतरवायचा याचे नियम इंटेलने छापले होते. आपण सीपी/एमसारख्याच सेवा, त्याच क्रमांकांनी दिल्या तर वर्डस्टार, डीबेसवाल्यांना फार काही न बदलता आपल्याकडे येता येईल. म्हणून त्याने सीपी/एमची माहितीपुस्तिका समोर ठेवून बाहेरचं रूप तसंच ठेवलं. ज्यांनी कधी असेंब्ली (यंत्राच्या सगळ्यात जवळची भाषा) शिकलीय त्यांना आठवत असेल, डॉसमध्ये इंट २१ ला (डॉसकडे सेवा मागायची आज्ञा) क्रमांक ९ दिला की पडद्यावर मजकूर छापला जायचा आणि मजकुराच्या शेवटी डॉलरचं चिन्ह द्यावं लागायचं. का डॉलर? मजकुरातच डॉलर छापायचा असेल तर काय? मी हे सरांना विचारलं होतं, उत्तर 'तसंच असतं'. ते सीपी/एममधून आलं. तिथेही क्रमांक ९, तिथेही डॉलर. कॉम फायली (छोटे प्रोग्रॅम) मेमरीत १०० हेक्स या पत्त्यापासून सुरू होतात तेही तिथलंच.

आत मात्र त्याने सगळं स्वतःचं केलं. फायलींची मांडणी सीपी/एमची न घेता मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिकमध्ये मार्क मॅकडॉनल्डने केलेली फॅटची कल्पना उचलली. फ्लॉपीच्या सुरुवातीला एक तक्ता, कुठल्या तुकड्यानंतर कुठला तुकडा. आणि फाइलची लांबी थेट बाइटमध्ये! म्हणजे धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं की ८६-डॉसपासूनच कंट्रोल-झेडची गरज संपली होती. ते राहिलं ते सवयीने आणि जुन्या प्रोग्रॅमांच्या मुलाहिज्याने.

---

शंकासूर | रविवार, रात्री १०:०२

म्हणजे बाहेरून हुबेहूब, आतून वेगळं. आमच्याकडे याला डुप्लिकेट म्हणतात. चोरीच झाली की हो ताई.

---

बायनरीबाई | रविवार, रात्री १०:१५

नाही. दुकानाचा दरवाजा आणि पाटी सारखी ठेवली म्हणजे गल्ला चोरला असं होत नाही. किल्डॉलला तो अन्याय वाटला, शेवटपर्यंत वाटत राहिला, हे मला कळतं. पण २०१२ मध्ये बॉब झाइडमन यांनी दोन्हींच्या कोडची तुलना करून लेख लिहिला, त्यात उचललेला कोड सापडला नाही. आणि पिप स्वतः कुठून आलं? डेककडून. किल्डॉलनेही आधीच्या मोठ्या यंत्रांवर जे हाताळलं त्यातूनच सीपी/एम घडवली. मग त्यालाही चोर म्हणायचं का?

---

मोडीवाचक | सोमवार, सकाळी ८:५०

मी वकील आहे, संगणकाचं कळत नाही, करारांचं थोडं कळतं.

शंकासूर, तुमचा 'चोरी' हा शब्द १९८० च्या अमेरिकेत कुठल्या कलमात बसवणार? संगणक प्रोग्रॅमची व्याख्या तिथल्या कॉपीराइट कायद्यात आली तीच १९८० च्या दुरुस्तीने. ऑपरेटिंग सिस्टिमच्या यंत्रभाषेतल्या कोडलाही संरक्षण आहे हे वरच्या न्यायालयात ठरलं १९८३ मध्ये, अ‍ॅपल विरुद्ध फ्रँकलिन खटल्यात. नुसतं 'बाहेरचं रूप' घेतलं तर काय, हा प्रश्न तर त्यानंतर कित्येक वर्षं लोंबकळत होता. किल्डॉलने खटला भरला नाही यात भोळेपणा कमी आणि शहाणा सल्ला जास्त असावा. पुढे एका पुस्तकात या प्रणालीला सीपी/एमची नक्कल ठरवलं म्हणून पॅटर्सननेच २००५ मध्ये लेखकावर बदनामीचा दावा लावला, तो २००७ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे न्यायालयात कुणालाच समाधान नाही. नेहमीप्रमाणे.

मला जास्त रस व्यवहारात. मायक्रोसॉफ्टने ८६-डॉस वापरण्याचा परवाना आधी २५,००० डॉलरला घेतला. गिऱ्हाईक आयबीएम आहे हे सांगितलं नाही. मग जुलै १९८१ मध्ये, पीसी बाजारात यायला पंधरा दिवस उरले असताना, आणखी ५०,००० देऊन मालकीच विकत घेतली. विकणाऱ्याला माहीत नाही की आपल्या शेतातून हमरस्ता जाणार आहे! आपल्याकडे अशा सातबाऱ्यांच्या केसेस मी आयुष्यभर लढतोय. फरक इतकाच की त्या कंपनीने विकताना एक अट राखून ठेवली होती, आमच्या यंत्रांबरोबर आम्हाला डॉस रॉयल्टीशिवाय देता येईल. धंदा बसल्यावर १९८६ मध्ये ती अट घेऊन ते न्यायालयात गेले आणि ९,२५,००० डॉलरवर तडजोड झाली. त्या ५०,००० च्या साडेअठरापट. अट वाचून ठेवणारा तो जो कोण वकील असेल त्याला माझा नमस्कार.

---

उसाचा_हिशेब | सोमवार, दुपारी १:४०

वकीलसाहेब, सातबाऱ्याची उपमा ढापतो.

राहिलेलं दरपत्रक. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी जाहीर झाला. सगळ्यात साधा संच १,५६५ डॉलर, त्यात मेमरी १६ केबी आणि फ्लॉपी नाहीच. पीसी-डॉस, म्हणजे मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेलं तेच ८६-डॉस, वेगळं घ्यायचं, ४० डॉलर. किल्डॉलने डॉस बघितलं, तो आयबीएमकडे गेला, दावा लावायची भाषा झाली. आयबीएमने तोडगा काढला की तुमची सीपी/एम-८६ सुद्धा आम्ही पीसीसाठी विकू. किल्डॉल राजी झाला. त्याला वाटलं असणार, गिऱ्हाईक दोन्ही बघेल आणि चांगली ती घेईल. सीपी/एम-८६ काही महिन्यांनी, १९८२ मध्ये, दुकानात आली. किंमत २४० डॉलर.

एका फळीवर ४०, दुसऱ्या फळीवर २४०. खेळ खलास. विमान वगैरे सोडा. सहापट किमतीची वस्तू, तीही उशिरा आलेली, कोण घेणार? तोवर प्रोग्रॅम डॉससाठी लिहून तयार होऊ लागले होते.

दुसरी गोष्ट जी मला विमानाहून मोठी वाटते ती म्हणजे आयबीएमने डॉसची मालकी मागितलीच नाही. मायक्रोसॉफ्टने तेच डॉस एमएस-डॉस या नावाने बाकी कुणालाही विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला. आयबीएमचा बायॉस सोडला तर पीसीतले बहुतेक सुटे भाग बाजारात मिळणारेच होते. कॉम्पॅकने तो बायॉस कोड न बघता बाहेरून अभ्यास करून नव्याने लिहिला, १९८३ मध्ये त्यांचं उचलून न्यायचं यंत्र बाजारात आलं, आणि पुढे दारच उघडलं. गंमत बघा, 'यंत्राचा भाग वेगळा काढा, वरचं सगळीकडे सारखं चालेल' ही किल्डॉलची बायॉसची कल्पना. तिच्यावर फळ आलं ते दुसऱ्याच्या झाडाला.

---

टंकनिका | सोमवार, दुपारी ४:२०

थोडं अवांतर. कुणाला ती ईमेल आठवते का? 'एका भारतीयाने शोध लावला आहे की संगणकावर कॉन नावाचा फोल्डर करता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अख्ख्या टीमलाही उत्तर देता आलं नाही!' मला ती निदान वीस जणांनी पाठवली होती. त्यातले तीन संगणकाचे शिक्षक.

कॉन म्हणजे कन्सोल, कीबोर्ड आणि पडदा. सीपी/एममध्ये अशी उपकरणांना नावं असत, डॉसनेही ठेवली: कॉन, पीआरएन, ऑक्स. 'कॉपी कॉन अमुक.टीएक्सटी' म्हणून थेट टंकायचं आणि शेवटी, पुन्हा तेच, कंट्रोल-झेड! पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते, त्यामुळे ही नावं सगळ्या डिस्कभर राखीव. १९८३ मध्ये २.० आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली. उत्तर मायक्रोसॉफ्टकडे होतं, फक्त ते आपल्या भाऊजींच्या फॉरवर्डला उत्तर देत नव्हते.

मी प्रेसमध्ये होते. डॉसला देवनागरी ठाऊकच नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं आणि जिस्ट कार्ड आलं. पीसीत ते बसवलं की डॉसवरच्याच प्रोग्रॅममध्ये मराठी उमटायची. खालचे १२८ संकेत इंग्रजीचे, वरचे १२८ इस्की या संकेतमानकाप्रमाणे आपल्या लिप्यांचे. आमची अडचण वर्डस्टारशी. तो डॉक्युमेंट मोडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट आपल्या खुणेसाठी वापरायचा, आणि आपली अख्खी वर्णमाला त्या आठव्या बिटावर बसलेली. म्हणून मराठीला नॉन-डॉक्युमेंट मोड, ही ताकीद भिंतीवर खडूने लिहून ठेवली होती.

---

कालचा_पोर | सोमवार, रात्री ८:३०

सगळे दिग्गज बसलेत म्हणून विचारून घेतो. हार्ड डिस्क सी: का, आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावांमधली रेघ उलटी का?

---

बायनरीबाई | सोमवार, रात्री ९:०५

ए आणि बी फ्लॉप्यांनी अडवले होते. मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी आला १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन, तिच्या वाट्याला सी. उलटी रेघ त्याच वेळची. डॉस २.० ने युनिक्सकडून फोल्डरची उतरंड घेतली, पण सरळ रेघ आधीच आज्ञांच्या पर्यायांसाठी खर्ची पडली होती (कॉपी /बी मधली). म्हणून उलटी.

गृहपाठ: विंडोजची कुठलीही ईएक्सई फाइल हेक्स एडिटरमध्ये उघड. पहिली दोन अक्षरं एम आणि झेड. मार्क झ्बिकोव्स्की, डॉसवर काम करणारा मायक्रोसॉफ्टचा माणूस. आद्याक्षरं आजही प्रत्येक प्रोग्रॅमच्या कपाळावर.

---

सॅनहोजेकर | मंगळवार, सकाळी ७:१५ (इथली सोमवार संध्याकाळ)

मागच्या उन्हाळ्यात आईबाबांना माँटेरेचं मत्स्यालय दाखवायला नेलं होतं, तेव्हा वाट वाकडी करून पॅसिफिक ग्रोव्हला गेलो. ८०१, लाइटहाउस अ‍ॅव्हेन्यू. जुन्या धाटणीचं घर, एके काळचं डिजिटल रिसर्चचं कार्यालय. आयईईई या संस्थेने २०१४ मध्ये तिथे सीपी/एमचा फलक बसवलाय. बाबांनी विचारलं, "कुणाचं घर?" मी म्हटलं, बायॉस हा शब्द ज्याने काढला त्याचं. ते म्हणाले, "बरं," आणि समुद्र कुठे आहे विचारलं.

किल्डॉल १९९४ मध्ये गेला, ५२ व्या वर्षी. डिजिटल रिसर्च त्याआधीच, १९९१ मध्ये, नोव्हेलने घेतली होती. पण जाता जाता त्या कंपनीने डीआर-डॉस काढून मायक्रोसॉफ्टला त्यांच्याच अंगणात घाम फोडला होता, हेही लिहा कुणीतरी. डॉसची नक्कल, मूळ सीपी/एमवाल्यांकडून. शंकासूर, आता यात चोर कोण?

---

शंकासूर | मंगळवार, सकाळी ९:००

मी पुढच्या धाग्यापर्यंत मौनात जातो.

---

उसाचा_हिशेब | गुरुवार, रात्री १०:५०

काम संपत आलं. सगळ्या फाइलीत १५,१४७ ओळी निघाल्या. पण एक चमत्कारिक गोष्ट सापडली. ६२ गावांच्या शेवटी एकेकच कंट्रोल-झेड आहे. एका गावाच्या शेवटी सलग ८६.

---

जुना_फ्लॉपीवाला | गुरुवार, रात्री ११:२०

ओळी किती त्या गावाच्या? आणि एका ओळीचे बाइट किती?

---

उसाचा_हिशेब | गुरुवार, रात्री ११:२६

१४१ ओळी. ओळ ८२ बाइटची, शेवटच्या दोन खुणांसकट.

---

जुना_फ्लॉपीवाला | गुरुवार, रात्री ११:४१

मग मांडा. १४१ गुणिले ८२ म्हणजे ११,५६२. त्यात ८६ मिळवले की ११,६४८. त्याला १२८ ने भागा. बरोबर ९१, बाकी शून्य.

हा वर्डस्टार. डॉसवर येऊनही त्याची सीपी/एमची सवय सुटली नव्हती, फाइल जतन करताना शेवटचा १२८ चा तुकडा कंट्रोल-झेडने भरून टाकायचा. बाकीची ६२ गावं तुमच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमने थेट काढलेली आहेत. हे एक गाव नंतर कुणीतरी वर्डस्टारमध्ये उघडून, हाताने काहीतरी बदलून, पुन्हा जतन केलंय.

---

उसाचा_हिशेब | शुक्रवार, सकाळी ७:०५

काका, रात्री झोप लागली नाही. त्या गावाची छापील खतावणी संस्थेच्या माडीवर आहे म्हणतात. चावी सचिवांकडे. दहाला जातोय.